चौलची जत्रा आणि सैमूरचे दहा हजार मुसलमान

मुसलमान कोकणात कधी आले, हा प्रश्न आपल्याकडे दोन प्रकारे विचारला जातो. कुणी कुतूहलानं विचारतो, तर कुणी हिशेब मागितल्यासारखा. दोघांनाही मिळणारं उत्तर बहुधा एकच असतं आणि ते शाळेच्या पुस्तकातून आलेलं असतं. 1296 साली अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, तिथून महाराष्ट्रात मुसलमानांचा इतिहास सुरू झाला, असं आपण पाठ केलेलं असतं. आपली मुलंही तेच पाठ करतात. मग वर्गात कुणी ‘तुम्ही घोड्यावरून आलात’ असं म्हटलं की त्यांना पुढे काय बोलावं ते सुचत नाही.

खिलजीच्या जवळपास चारशे वर्षं आधी, हिजरी 304 मध्ये, म्हणजे इ.स. 916 च्या सुमारास, बगदादचा एक माणूस समुद्रमार्गे कोकणच्या किनाऱ्यावर उतरला. त्याचं नाव अल-मसूदी. ‘मुरूज अज-जहब’ या आपल्या ग्रंथात त्यानं लिहून ठेवलंय की सैमूर नावाच्या बंदरात त्या वेळी सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. सैमूर म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातलं चौल, असं अभ्यासक मानतात. शिलाहारांच्या लेखांत याच गावाला चेमुल्य म्हटलंय आणि ग्रीक लेखकांनी त्याला सेमुल्ला, सिमुल्ला अशी नावं दिली आहेत.

मागच्या मार्गशीर्षात दत्ताच्या जत्रेच्या निमित्तानं मी त्या चौलला एक दिवस जाऊन आलो. तिथं जे पाहिलं आणि त्या गावाबद्दल जे वाचलं होतं, ते दोन्ही एकत्र मांडतो.

वागळे इस्टेट ते चौल

आमचा वागळे इस्टेट हा भाग सगळा बाहेरून आलेल्यांचा. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ सुरू झालं, ते इथूनच. कारखाने आले आणि त्यांच्यामागून माणसं आली. कोकणातले, घाटावरचे, उत्तरेतले, सगळे किसननगर, हाजुरी, पडवळनगर, इंदिरानगर अशा वस्त्यांत मावले. आता रोड नंबर 16 आणि 22 वर कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्यात, पण जुने कामगार अजून आहेत. माझ्याबरोबर एका शेडमध्ये वीस वर्षं लेथवर काम केलेले एक दादा मूळचे चौलचे. घरची सुपारीची वाडी भाऊ बघतात. दरवर्षी जत्रेला ते गावी जातात आणि दरवर्षी मला म्हणतात, “भाई, एकदा चला.” या वेळी गेलो.

दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला असते आणि चौलची जत्रा तिथून पुढे पाच दिवस चालते. त्यातला रविवार आम्ही धरला. पहाटे फजरची नमाज आटोपून निघालो. ऐरोलीवरून पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड करत अलिबाग. अलिबागच्या पुढे नागाव लागलं की रस्ता नारळी-सुपारीच्या सावलीत शिरतो आणि चौलपर्यंत त्या सावलीतून फारसा बाहेर पडत नाही. दोन्ही बाजूंना चिऱ्याच्या कमी उंचीच्या भिंती, त्यांच्या आत वाड्या, वाड्यांत विहिरी, आणि मधूनच एखादं देऊळ किंवा तळं.

अलिबागच्या नावाबद्दल दादांनी वाटेत सांगितलेली गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. अली नावाच्या कुणा श्रीमंत माणसानं इथं विहिरी खणल्या, बागा लावल्या, म्हणून अलीची बाग. हा अली मुसलमान होता असं काही जण सांगतात, तो बेने इस्रायली होता असं दुसरे सांगतात. मला ही लोककथा आवडते ती याच कारणासाठी. माणसाचा धर्म कोणता यावर लोकांचं एकमत नाही, पण त्यानं विहिरी खणल्या यावर आहे.

जत्रा

चौलजवळ भोवाळ्याचा डोंगर आहे. दत्ताचं देऊळ माथ्यावर, आणि जत्रा पायथ्यापासून पायऱ्यांच्या कडेकडेनं वर चढत जाते. खाली पाळणे, खेळणी, भांडी, चादरी-घोंगड्या, मिठाईच्या परातींचे डोंगर. लग्न झालेल्या लेकी माहेरी आलेल्या, मुंबई-ठाण्याचे चाकरमानी पोराबाळांना घेऊन आलेले. दादांना दर दहा पावलांवर कुणीतरी थांबवत होतं.

पायऱ्या शेकडो आहेत. अर्ध्या वाटेवर आम्ही दोघंही बसलो. माझ्या डाव्या हाताला बांगड्यांचं दुकान लावलेला मनियार होता. सहज नाव-गाव विचारलं. वडिलांच्या काळापासून या जत्रेत दुकान लावतो म्हणाला. जागा ठरलेली, गिऱ्हाइकं ठरलेली. एक बाई दोन मुलींना घेऊन आल्या आणि त्याला म्हणाल्या, “चाचा, मागच्या वर्षीच्या बांगड्या लगेच तडकल्या हां.” त्यानं हसत दोन बांगड्या जास्तीच्या घातल्या.

हा साधा व्यवहार आहे. तो इथं मुद्दाम लिहिण्याची वेळ यावी, याचं वाईट वाटतं. 2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या ग्रामसभेनं कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू देऊ नयेत असा ठराव केला होता. ज्या कानिफनाथांना शाह रमजान माहीसवार या नावानंही मानलं जात आलं, त्यांच्या यात्रेत हे घडलं. ठरावावर वाद झाला, प्रशासनानं तो मान्य केला नाही. पण बांगड्या, सुरमा, खेळणी, फुगे, भांड्यांना कल्हई, पाळणे असल्या धंद्यांवर वर्षाचा खर्च भागवणाऱ्या माणसाच्या मनात त्यानंतर प्रत्येक जत्रेच्या आधी एक प्रश्न उभा राहतो: यंदा जागा मिळेल ना? मनियाराला मी हे विचारलं नाही, त्यानंच काढलं. “इथं असलं काही नाही,” तो म्हणाला, आणि थोडं थांबून पुढे म्हणाला, “अजून तरी.”

दत्त आणि मलंग

दत्ताच्या जत्रेत मुसलमानाचं दुकान असावं की नसावं, असा प्रश्न विचारणाऱ्यांना दत्त संप्रदायाचा इतिहास ठाऊक नसतो, असंच म्हणावं लागेल. संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते. परंपरा सांगते की जनार्दनस्वामींमुळे एकनाथांना दत्तदर्शन झालं तेव्हा दत्तात्रेय मलंगाच्या, म्हणजे फकिराच्या वेशात आले होते. जनार्दनस्वामींचे गुरू म्हणून चांद बोधले यांचं नाव घेतलं जातं. हे चांद बोधले कादरी सूफी परंपरेशी जोडलेले, आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद हेही त्यांचेच शिष्य. वारकरी मंडळी शेख महंमदांना संत मानतात, आणि ते मुसलमान होते हे कुणी लपवत नाही.

‘मलंग’ हा शब्द आम्हा ठाणे-कल्याणकरांना नवा नाही. कल्याणजवळ उभा असलेला मलंगगड आम्ही लहानपणापासून बघत आलोय. पण तो शब्द नाथ-दत्त परंपरेच्या आत इतका खोल गेलेला आहे, हे आपल्या पोरांना कुणी सांगत नाही. मी तौहीद मानणारा माणूस आहे. देवळात गेलो तरी हात जोडत नाही, आणि दादांनाही ते माहीत आहे. ते आत गेले, मी बाहेर कठड्यावर बसलो. एवढ्यानं दोघांचंही काही अडलं नाही. श्रद्धा एकच असली पाहिजे असं नाही, एकमेकांच्या श्रद्धेला जागा ठेवता आली म्हणजे झालं.

कठड्यावरून खाली सुपारीच्या वाड्यांचं हिरवं छत पसरलेलं दिसतं. त्याच्या पलीकडे रेवदंडा, कुंडलिकेची खाडी, आणि खाडीच्या तोंडाशी समुद्रात शिरलेला कोर्लईचा डोंगर. या खाडीत हजार वर्षांपूर्वी सिराफ, बसरा आणि ओमानची जहाजं उभी राहत होती.

सैमूरची वस्ती

अल-मसूदीनं दिलेला तपशील नीट वाचण्यासारखा आहे. सैमूरच्या त्या दहा हजार मुसलमानांमध्ये सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादचे लोक होते असं तो सांगतो. पण त्यांच्याबरोबर तो ‘बयासिरा’ नावाच्या लोकांचा उल्लेख करतो आणि शब्दाचा अर्थही देतो: हिंदुस्थानातच जन्मलेले मुसलमान. म्हणजे 916 साली चौलमध्ये असे मुसलमान होते ज्यांचा जन्म इथला, ज्यांच्या आया बहुधा इथल्या आणि ज्यांना या मातीची भाषा येत होती. अरबांच्या लेखी ते अरब नव्हते, म्हणून तर त्यांच्यासाठी वेगळा शब्द लागला. आजच्या कोकणी मुसलमानांचे पूर्वज शोधायचे असतील तर या शब्दापाशी थांबावं लागतं.

दुसरा शब्द त्याहून महत्त्वाचा आहे: ‘हुनरमन’. मुसलमानांचे आपापसातले मामले ज्याच्याकडे जात, तो त्यांचा प्रमुख. अल-मसूदी आला तेव्हा अबू सईद मारूफ बिन जकरिया हा हुनरमन होता. राज्य होतं शिलाहार राजा झंझाचं, आणि शिलाहारांवर सत्ता राष्ट्रकूटांची. अरब लेखक राष्ट्रकूट सम्राटाला ‘बल्हरा’ म्हणतात, म्हणजे वल्लभराज. हिंद आणि सिंधच्या राजांत मुसलमानांना सर्वाधिक मान बल्हराच्या राज्यात मिळतो, तिथं त्यांच्या मशिदी आहेत, असं अल-मसूदी लिहितो. त्याच शतकात इस्तखरी आणि इब्न हौकल हे भूगोलकार सैमूरमध्ये जामा मशीद असल्याची नोंद करतात.

हे सगळं कुणाच्या तलवारीच्या जोरावर झालेलं नव्हतं. कोकणात त्या काळी एकाही मुसलमान राजाचं राज्य नव्हतं. हिंदू राजानं परदेशी आणि देशी मुसलमानांना आपल्या बंदरात राहू दिलं, मशीद बांधू दिली, त्यांचे निवाडे त्यांच्याच माणसाकडे सोपवले. त्यात राजाचाही फायदा होता. जकात मिळत होती, व्यापार वाढत होता. उदारपणा आणि व्यवहार हातात हात घालून चालत होते.

चित्र एकतर्फी गोड करण्याचं कारण नाही. याच किनाऱ्यावर अरबांचा पहिला नोंदलेला उल्लेख व्यापाराचा नाही. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत बहरीनचा सुभेदार उस्मान सकफी यानं आरमार पाठवून ठाण्यावर स्वारी केली, असं बलाजुरी ‘फुतूह अल-बुल्दान’मध्ये सांगतो. आमच्याच ठाण्याची ही गोष्ट आहे. पण त्याच नोंदीत पुढे असंही आहे की खलिफांना ही परस्पर केलेली मोहीम अजिबात रुचली नाही, आणि त्यांनी सुभेदाराला कडक शब्दांत खडसावलं. या स्वारीतून राज्य उभं राहिलं नाही. पुढची शतकं किनाऱ्यावर जी वस्ती वाढली, ती मोसमी वाऱ्यांवर येणाऱ्या व्यापाऱ्यांची होती.

चिंचणीचा ताम्रपट

अरब लेखक आपल्या लोकांची बढाई मारत असतील, अशी शंका कुणी काढली तर ती रास्त आहे. म्हणून दुसऱ्या बाजूचा पुरावा पाहू, आणि तो तर संस्कृतमध्ये आहे.

डहाणूजवळच्या चिंचणी गावात काही ताम्रपट सापडले. हे गाव आज पालघर जिल्ह्यात असलं तरी 2014 पर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. त्यातला एक ताम्रपट शके 848 चा, म्हणजे इ.स. 926 चा, राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या इंद्राच्या काळातला आहे. अल-मसूदीच्या भेटीनंतर जेमतेम दहा वर्षांचा. त्यात संजाण मंडळाचा अधिपती म्हणून ‘मधुमती’ याचं नाव येतं. तो ‘ताजिक’ म्हणजे अरब, आणि मधुमती हे ‘मुहम्मद’चं संस्कृत रूप असं अभ्यासक सांगतात. त्याच्याकडे संजाणचा कारभार दुसऱ्या कृष्णानं, म्हणजे इंद्राच्या आधीच्या सम्राटानं सोपवला होता.

या मधुमतीनं नदीवर लोकांसाठी फुकट नाव चालवली. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी अन्नछत्र घातलं, ज्यात तांदळाचा भात, कालवण आणि तूप मिळत असे. आणि एका ब्राह्मणानं बांधलेल्या मठिकेच्या दुरुस्तीसाठी, तिथल्या देवीच्या नैवेद्यासाठी सम्राटाच्या संमतीनं जमीन दिली. हेच दानपत्र तांब्यावर कोरलेलं आहे.

एक मुसलमान अधिकारी, हिंदू सम्राटाच्या चाकरीत, देवीच्या नैवेद्याची सोय करतो. सोमनाथावरच्या गझनीच्या स्वारीच्या शंभर वर्षं आधीची ही घटना. गझनीचा महमूद सगळ्यांना पाठ असतो. संजाणच्या मुहम्मदाचं नाव मात्र त्याच्याच जिल्ह्यात कुणी ऐकलेलं नसतं. कुठला इतिहास लक्षात ठेवायचा हेही कुणीतरी ठरवत असतं, नाही का?

रेवदंडा

डोंगर उतरून दुपारी दादांच्या घरी जेवलो. माझ्यामुळे त्यांच्या वहिनींनी वालाची उसळ, तांदळाची भाकरी आणि सोलकढी असा शाकाहारी बेत केला होता. “भाईंना हलालचं बघावं लागतं, म्हणून मासळीच करणार होते, पण जत्रेचे दिवस आहेत,” असं त्या म्हणाल्या. दोघांची अडचण एका उसळीत सुटली. तिथून रेवदंड्याला गेलो आणि जोहरची नमाज तिथं पढलो.

चौल आणि रेवदंडा ही आज जोडगावं वाटतात. इतिहासात ती वरचं चौल आणि खालचं चौल होती. वरचं निजामशाहीचं, खालचं पोर्तुगीजांचं. त्याआधी बहमनींच्या काळात, 1469 च्या सुमारास, अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी इथं उतरला होता. विकायला एक घोडा घेऊन आला होता. गोरा माणूस बघायला लोक त्याच्यामागून फिरत, असं त्यानं लिहून ठेवलंय. पुढे जुन्नरला तिथल्या खानानं त्याचा घोडा अडकवला आणि मुसलमान हो म्हणून दबाव आणला. त्यातून त्याला सोडवलं तेही मुहम्मद नावाच्या एका खुरासानी मुसलमानानंच. जबरदस्ती करणारा मुसलमान आणि सोडवणारा मुसलमान, दोघंही इतिहासात आहेत. एकालाच पकडून बसणं हा अप्रामाणिकपणा ठरेल. निकितिनच्या आठवणीचा स्तंभ रेवदंड्यात शाळेच्या आवारात उभा आहे.

1508 च्या मार्चमध्ये याच खाडीत मोठी लढाई झाली. केरळच्या सामुतिरी राजानं पोर्तुगीजांविरुद्ध मदत मागितली होती. इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आरमार अमीर हुसेनच्या हाताखाली आलं, दीवचा मलिक अयाज त्याला मिळाला, आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेदा इथं मारला गेला. पुढच्याच वर्षी दीवला पोर्तुगीजांनी त्याचा सूड घेतला आणि अरबी समुद्राचं चित्र पालटलं. 1521 मध्ये बुऱ्हाण निजामशहाकडून परवानगी मिळवून त्यांनी रेवदंड्याचा कोट बांधायला घेतला. 1570-71 मध्ये मुर्तझा निजामशहानं वेढा घातला, पण कोट पडला नाही. 1594 मध्ये पोर्तुगीजांनी कोर्लईही घेतलं. शेवटी वसई पडल्यावर, 1740 च्या तहानं, हे सगळं मराठ्यांकडे आलं. तोवर खाडी गाळानं भरत चालली होती, व्यापार आधी सुरतेला आणि मग मुंबईला गेला, आणि चौल हे पुन्हा वाड्यांचं गाव झालं.

कोटाच्या आत आज नारळीच्या बागा आहेत आणि चर्चच्या मनोऱ्याचे उरलेले मजले. लोक त्याला सातखणी म्हणतात. गावात बेने इस्रायलींचं सिनेगॉग आहे. खाडीपलीकडे कोर्लई गावात काही ख्रिस्ती कुटुंबं अजून पोर्तुगीजमधून घडलेली एक बोली बोलतात. या सगळ्यांचं घर एका दिवसात, एकाच गाडीनं बघून होतं. जुन्या चौलमध्ये हमामखाना आणि मशीद यांचे अवशेष आहेत. मशिदीच्या भिंतींतून झाडं वाढलीत. भोवाळ्याच्या डोंगरावर त्या दिवशी जितकी माणसं होती, त्यातला एकही तिथं वळला नव्हता. आपल्यापैकीही कोणी वळत नाही. अलिबागला समुद्र बघायला येणाऱ्या आपल्या कुटुंबांना हे ठिकाण वीस-पंचवीस मिनिटांवर आहे हेही माहीत नसतं.

जिभेवरचा पुरावा

ताम्रपट आणि अरबी ग्रंथ सगळ्यांना वाचता येत नाहीत. पण एक पुरावा कोकणातल्या प्रत्येकाच्या तोंडात आहे. कोळी बांधव ज्याला नाखवा म्हणतात तो फारसीतला नाखुदा, जहाजाचा धनी. बंदर हा शब्द फारसी. सुकाणू अरबी ‘सुक्कान’वरून आलेलं. खलाशी अरबीतून आलेला. मोसम म्हणजे अरबी ‘मौसिम’, ज्यावरून साहेबानं ‘मॉन्सून’ केलं. कान्होजी आंग्ऱ्यांच्या आरमारातली गुराब म्हणजे अरबांची ‘गुराब’. हे शब्द कुणी हुकूम काढून लादलेले नाहीत. एका होडीत बसून, एकच दोर ओढताना ते एका जिभेवरून दुसऱ्या जिभेवर गेले. परतताना मी दादांना हे सांगत होतो. ते म्हणाले, “मग भाई, शब्द इथले झाले तर माणसं कशी नाही होणार?” मला याहून नेमकं उत्तर देता आलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. कुणी इथला असण्यासाठी अकराशे वर्षांचा दाखला द्यावा लागू नये. काल वागळे इस्टेटला बिहारमधून आलेला कामगारही राज्यघटनेनं तितकाच इथला आहे. पण दाखला मागितलाच जात असेल, तर तो आपल्याकडे आहे आणि तो गप्प बसण्यासाठी नाही. तो बापानं मुलांना सांगितला पाहिजे, आईनं सांगितला पाहिजे, मदरशात आणि शाळेत सांगितला गेला पाहिजे. आणि तो सांगताना राष्ट्रकूट आणि शिलाहार राजांचं नाव कृतज्ञतेनं घेतलं पाहिजे, कारण त्या वस्तीला जागा त्यांनी दिली होती.

पुढच्या मार्गशीर्षात जमलं तर मुलांना घेऊन चौलला जा. जत्रेत पोरींना बांगड्या घ्या, रामेश्वराच्या देवळासमोरची पुष्करणी पाहा, रेवदंड्याचा कोट पाहा. आणि अर्धा तास काढून त्या पडक्या मशिदीपाशी उभे राहा. तिथं कुणाशी भांडायचं नाही, काही मागायचं नाही. मुलांना फक्त सांगायचं, की इथं दहा हजार माणसं राहत होती, ती समुद्रावरून आली होती किंवा इथंच जन्मली होती, आणि गावानं त्यांना आपलं म्हटलं होतं.